ते वाक्य अलीफजचं होतं

आज संध्याकाळी घोडबंदर रोडला एका घरी सातव्या दिवसाच्या प्रार्थनेला गेले होते. चोवीस वर्षांचा मुलगा. रात्रपाळी संपवून बाइकवरून घरी येत होता, पोचला नाही. आई भिंतीला टेकून खाली बसली होती. हातात त्याचं ऑफिसचं ओळखपत्र होतं. त्याची निळी पट्टी ती बोटाला गुंडाळत होती, सोडवत होती, पुन्हा गुंडाळत होती. रोजरीभर, जपमाळेची प्रार्थना संपेपर्यंत, तेच चाललं होतं.

रोजरी संपल्यावर प्रार्थना चालवणाऱ्या गृहस्थांनी मोबाइल काढला आणि म्हणाले, आता देवाचा शब्द ऐकू या. त्यांनी बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकातलं, चौथ्या अध्यायातलं वचन वाचलं. निरपराध माणसाचा कधी नाश झालाय का, जरा आठवून पाहा, असा त्याचा अर्थ. वर स्वतःचं एक वाक्य जोडलं, "देव आपल्याला काहीतरी दाखवतोय, प्रत्येकाने आपलं जीवन तपासायला पाहिजे." सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणाले, सवयीने तोंडातून निघून गेलं. त्या आईची बोटं थांबली. पट्टी अर्धी गुंडाळलेली तशीच राहिली.

घरी आल्यापासून जेवण गेलेलं नाही. पोस्ट लांब होणार आहे, पण आज लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

ते वचन देवाचं नाही हो! ते अलीफजचं आहे. ईयोबाची मुलं मेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोडं आले, तेव्हा त्याला भेटायला तीन मित्र आले: अलीफज, बिल्दद आणि सोफर. त्यातला हा पहिला. पुढे बिल्दद तर त्या बापाला तोंडावर ऐकवतो की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल, त्याचं फळ त्यांना मिळालं. बेचाळीस अध्यायांचं पुस्तक आहे, आणि शेवटच्या अध्यायात, सातव्या ओवीत, देव अलीफजला सांगतो की तुझ्यावर आणि तुझ्या दोन्ही मित्रांवर मी संतापलोय, कारण माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं खरं बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. म्हणजे ज्या बोलण्यावर खुद्द देव रागावला, तेच बोलणं आज देवाचा शब्द म्हणून एका आईच्या कानावर घातलं गेलं. बायबलमध्ये छापलंय एवढ्याच आधारावर.

मला हे माहीत आहे ते मी फार वाचते म्हणून नाही. माझ्या पप्पांमुळे माहीत आहे.

१९९३ साली माझा धाकटा भाऊ गेला. नऊ वर्षांचा होता. ताप डोक्यात गेला, चार दिवसांत संपलं. पप्पा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर होते. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कोणीतरी त्यांना हेच वचन ऐकवलं. कोणी ते मी सांगणार नाही, तो माणूसही आता नाही, आणि तो वाईट नव्हता. पण पप्पांनी ते वाक्य मनात घट्ट धरून ठेवलं. त्यानंतर ते मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला, यायचे, पण शेवटच्या बाकाच्याही मागे, दाराशी उभे राहायचे. कम्युनियनला, ख्रिस्तप्रसाद घ्यायला, पुढे जायचे नाहीत. आई विचारायची, तर म्हणायचे, "माझा हिशेब अजून पुरा नाही." त्यांना वाटायचं, आपल्याच कुठल्यातरी पापाने पोर गेलं. कुठलं पाप, ते शोधत राहिले. सतरा वर्षं!

मग २०१० मध्ये आमच्या पॅरिशला, म्हणजे आमच्या भागातल्या चर्चला, एक सिस्टर आल्या. नगर जिल्ह्यातल्या, बोलणं एकदम गावाकडचं. त्यांनी मोठ्यांसाठी बायबलचा वर्ग काढला, मराठीतून. गुरुवारी रात्री आठ वाजता, हॉलच्या वरच्या खोलीत. प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि कटकट आवाज करणारा एक पंखा. आई पप्पांना ओढूनच घेऊन गेली, मी सोबत. पहिल्याच दिवशी सिस्टरांनी फळ्यावर तीन प्रश्न लिहिले: कोण बोलतंय? कोणाला बोलतंय? पुढं काय झालं? म्हणाल्या, या तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय एकही वचन तोंडातून काढायचं नाही. पप्पांनी शंभर पानी वहीच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने ते उतरवून घेतलं. ठळक, सुटं सुटं अक्षर, ड्रॉइंगवर मापं लिहायचे तसं.

ईयोबाला पाच गुरुवार लागले. पाचव्या गुरुवारी त्या सातव्या ओवीवर आल्यावर पप्पांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "सिस्टर, परत वाचा." त्यांनी वाचलं. पप्पा म्हणाले, "म्हणजे देवाने बोलणाऱ्यालाच दटावलं?" सिस्टर म्हणाल्या, "व्हय काका, बोलणाऱ्यालाच." पप्पा काहीच बोलले नाहीत. घरी चालत येताना रस्त्यात थांबून एवढंच म्हणाले, "मी सतरा वर्षं अलीफजचं ऐकत बसलो गं."

त्या रविवारी ते कम्युनियनला गेले.

आता मला सांगा, हे काम दहा मिनिटांच्या प्रवचनात झालं असतं? नसतंच झालं. रविवारच्या मिस्सात बायबलमधून जी वाचनं होतात, त्यांचं तीन वर्षांचं चक्र आहे ना, त्यात सामान्य काळातल्या, म्हणजे मोठ्या सणांचे आणि उपवासाचे काळ सोडून उरलेल्या रविवारी ईयोब येतो दोनदा. पाचव्या रविवारी आणि बाराव्या, दोन्ही त्या चक्रातल्या 'ब', म्हणजे दुसऱ्या वर्षात. मित्रांचं त्यात एक अक्षर नाही. रोज मिस्साला जाणाऱ्यांना दोन वर्षांतून एकदा, सव्विसाव्या आठवड्यात, सलग सहा दिवस ईयोब ऐकायला मिळतो. त्यातही शनिवारच्या वाचनात बेचाळिसावा अध्याय येतो, पण सातवी ओवी गाळलेली! पुस्तकाचं सगळं कुलूप जिने उघडतं तीच ओवी. वाचनं निवडणाऱ्यांना दोष देत नाही, ७३ पुस्तकांतलं सगळं वेदीवरून वाचणं शक्य नाही. पण म्हणूनच तर वेगळा वर्ग लागतो. जन्मभर एक मिस्सा न चुकवणाऱ्या माणसालाही हे ऐकायला मिळणार नाही, कोणीतरी बसवून शिकवल्याशिवाय.

आणि आपण शिकवतो कोणाला? मुलांना. पहिला कम्युनियन, मग दृढीकरणाचा संस्कार, त्यासाठी वर्षानुवर्षं रविवारचं धर्मशिक्षण, हजेरी, परीक्षा, बक्षीस. पंधराव्या वर्षी सगळं संपतं. मुलांना नोहाचं तारू, दाविदाची गोफण जरूर शिकवा, मीही सहा वर्षं शिकवलंय. पण ईयोबाचा प्रश्न पंधराव्या वर्षी पडत नाही हो. तो पडतो चाळिशीत, पन्नाशीत, नोकरी गेल्यावर, गाठ निघाल्यावर, पोराला माती दिल्यावर. तेव्हा त्या माणसाजवळ काय असतं? आठवीतलं पाठांतर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी येणारं फुलांच्या चित्रावरचं वचन. कोण बोललं, कोणाला बोललं, काही पत्ता नाही. ठीक आहे, त्या वचनांनी कोणाकोणाला धीर येतो, माझ्या सासूबाईंनाही येतो. पण आज त्याच मोबाइलने काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

चर्चने हे सांगितलेलं नाही असंही नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा 'देई व्हेर्बुम' हा दस्तऐवज १८ नोव्हेंबर १९६५ चा. साठ वर्षं होऊन गेली. त्यात स्पष्ट म्हटलंय की पवित्र शास्त्राची दारं सगळ्या श्रद्धावंतांना सताड उघडी हवीत. संत जेरोमचं बोलणंही त्यात आहे, शास्त्र न जाणणं म्हणजे ख्रिस्तालाच न जाणणं. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ मध्ये लिहिलं की प्रौढांचं धर्मशिक्षण हे धर्मशिक्षणाचं मुख्य रूप आहे. मुख्य! आपल्याकडे ते उरलंसुरलं रूपसुद्धा नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये देवशब्दाचा रविवार ठरवून दिला. त्या रविवारी आपण बायबल फुलांनी सजवतो, धूप दाखवतो, मिरवत वेदीपर्यंत नेतो. मला ते आवडतं, डोळ्यांत पाणी येतं. पण सोमवारी ते उघडून शिकवणारं कोणी नाही.

आमचा वर्ग तीन वर्षं चालला. सिस्टरांची बदली झाली आणि बंद पडला. मी दोनदा अर्ज दिला पॅरिश कौन्सिलला. पहिल्यांदा सांगितलं, शिकवायला कोणी नाही. दुसऱ्यांदा सांगितलं, लोक येत नाहीत, सातआठ जणांसाठी हॉल अडवून ठेवता येणार नाही. सातआठ जण! माझे पप्पा त्या सातआठांत होते. त्याच वर्षी साउंड सिस्टीमसाठी वर्गणी काढली, आम्हीही दिली, भरपूर जमली. वक्त्याचा आवाज आता मागच्या दारापर्यंत खणखणीत पोचतो. त्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या मनात काय चाललंय, ते विचारायला मात्र कोणाला गुरुवारचा एक तास काढता येत नाही.

फादरांवर ताण आहे, मान्य. इंग्रजी, मराठी, कोंकणी, तामिळ, सगळ्यांच्या मिस्सा, लग्नं, आजारी माणसं, शाळेचं काम. लोकही डोंबिवली-ठाणे लोकलमध्ये चेंगरून रात्री साडेआठला घरी पोचतात, तेही खरं. पण नोव्हेनाच्या प्रार्थनेला हेच लोक येतात ना?

काही जण म्हणतात, शिकवायचं कशाला, श्रद्धेने वाचलं की पवित्र आत्मा समजावतो. अहो, प्रेषितांच्या कृत्यांत आठव्या अध्यायात तो इथिओपियाचा अधिकारी रथात बसून यशया वाचत असतो. फिलिप विचारतो, वाचताय ते समजतंय का? तो म्हणतो, कोणी समजावल्याशिवाय कसं समजणार? पवित्र आत्म्याने त्याच्याकडे फिलिपला पाठवलं, माणसाला! आणि एम्माउसच्या वाटेवर? पुनरुत्थानाच्या दिवशी खुद्द प्रभू येशूने काय केलं? दोन खचलेल्या मोठ्या माणसांबरोबर चालत, मोशेपासून सगळ्या संदेष्ट्यांपर्यंत शास्त्र उलगडून सांगितलं. साधारण अकरा किलोमीटरची वाट. दोघंच जण होते. सातआठही नव्हते.

आपल्या भाषेत तर ही परंपरा चारशे वर्षांची आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडातून गोव्याला आलेला जेझुइट संघाचा धर्मगुरू. त्याने बायबलची सगळी कथा मराठी ओव्यांत बांधली, दहा हजारांवर ओव्या. क्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं. ते मोठ्या माणसांसाठी होतं, नव्याने ख्रिस्ती झालेल्या, पुराण ऐकत वाढलेल्या माणसांसाठी. त्यांना कळेल असं सांगायला त्याने परकी भाषा शिकून घेतली. आणि आपण, ज्यांची ही मायबोली आहे, ते आपल्याच आईबापांना मराठीतून ईयोब समजावून सांगू शकत नाही. ठाण्याचं तर विचारूच नका. १३२१ मध्ये याच ठाण्यात फ्रान्सिस्कन संघाच्या चार संन्याशांनी विश्वासासाठी जीव दिला. त्याचा अभिमान मला लहानपणापासून आहे. आज त्या घरात बसले असताना तो अभिमान काही उपयोगाला आला नाही.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. त्या गृहस्थांबद्दल वाईट वाटतंय. ते रोज कोणाच्या ना कोणाच्या घरी जातात, रात्री-अपरात्री जातात, बोलावलं नाही तरी जातात. त्यांना कोणी शिकवलंच नाही, तर त्यांनी काय करायचं? दिसलं ते वचन उचललं. त्यांना शिकवायचं काम आपलं होतं. पप्पांना ते वाक्य ऐकवणाऱ्यालाही कोणी शिकवलं नव्हतं. मला मात्र शिकवलं होतं, आणि मी आज आमेन म्हणून गप्प बसले. हे मला जास्त लागलंय.

त्या तीन मित्रांचं एक मात्र सांगायला हवं. आल्या आल्या ते सात दिवस आणि सात रात्री ईयोबाजवळ जमिनीवर बसले, आणि एकानेही शब्द काढला नाही. कारण त्याचं दुःख फार मोठं होतं, असं लिहिलंय. सिस्टर म्हणायच्या, तवर ते बरोबर होते.

पप्पा २०१९ मध्ये गेले. त्यांचं बायबल माझ्याकडे आहे, खाकी कव्हर घातलेलं, आत माझ्या भावाचा शाळेतला फोटो. वहीही आहे. ईयोबाच्या पानावर सगळं पेन्सिलीने आहे, फक्त ४२:७ लाल पेनाने, खाली दोन रेघा.

उद्या मी त्या आईकडे जाणार आहे, एकटी, प्रार्थनेची वेळ सोडून. वही पिशवीत ठेवलीय. लगेच काढणार नाही. तिने विचारलं तर काढीन.

आणि तुम्हा सगळ्यांना एक विनंती. मराठीतून, मोठ्या माणसांना, पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत शिकवू शकेल असं कोणी ओळखीचं असेल, फादर, सिस्टर, निवृत्त शिक्षक, कोणीही, तर मला इनबॉक्समध्ये कळवा. हॉल मिळाला नाही तर माझं घर आहे. बारा माणसं आरामात बसतील. गुरुवारी रात्री आठ.