उसनं अक्षर

शीर्षक होतं 'नवं ॲप'. फॉन्ट असा देखणा की त्यातली वेलांटी बघूनच मी विरघळलो. फक्त 'ॲ' जरा परका वाटत होता. रेघ बारीक आणि चंद्र भलताच उंच, दुसऱ्याचा सदरा घालून आल्यासारखा. निवडून पाहिला, तर वरच्या खिडकीत नाव त्याच देखण्या फॉन्टचं!

म्हटलं, पुरती झडतीच घेऊ. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, देवनागरीच्या मुख्य गटाला १२८ जागा आहेत, दशमान पद्धतीनं २३०४ ते २४३१. स्प्रेडशीटमध्ये क्रमांकावरून अक्षर काढणारं युनिकॅर हे सूत्र लिहिलं आणि १२८ ओळी खाली ओढलं. धडाधड अक्षरं उमटली. एकट्या पडलेल्या मात्रा ठिपक्यांच्या वर्तुळाला धरून उभ्या होत्या. अक्षर नसल्याची खूण असलेला चौकोनी डबा एकही नाही! मी स्वतःवर खूश झालो. ही खुशी चहा निवेपर्यंतही टिकली नाही.

कारण फॉन्टमध्ये अक्षर नसलं तर सॉफ्टवेअर ते गुपचूप दुसऱ्या फॉन्टकडून उसनं आणतं, आणि वर नाव पहिल्याचंच ठेवतं. घरची अब्रू अशी झाकणारी माणसंही आता दुर्मिळ झाली. म्हणजे माझ्या १२८ ओळींनी एवढंच सिद्ध केलं, की ही अक्षरं माझ्या संगणकात कुठेतरी आहेत.

खरी कुंडली लिबरऑफिस या मोफत ऑफिस-सॉफ्टवेअरच्या 'स्पेशल कॅरेक्टर' या चौकटीत मिळाली. तिथे फॉन्ट निवडला की त्याच्या पदरी असलेलीच अक्षरं दिसतात. आमच्या देखण्याकडे शून्य ते नऊ आकडे, मग संक्षेपाचं चिन्ह, आणि पुढे, जिथे 'ॲ' हवा तिथे, खडखडाट. 'ॲ' युनिकोडमध्ये आला २००८ साली. हा फॉन्ट बहुधा त्याआधीच बनून मोकळा झाला असावा. (तोवर लोक 'ए'वर चंद्र काढून 'ऍ'वर भागवत. अजूनही काही जण भागवतात, आणि ते बघून माझ्या पोटात ढवळतं.)

मग दुसरा फॉन्ट. त्यात 'ॲ' होता, खाली टिंब असलेला 'ऱ'ही होता. हुरळून मजकूर ओतला आणि 'दऱ्या'पाशी ठेचकाळलो. 'ऱ'चा पाय मोडलेला, शेजारी 'या' अलिप्त उभा. जोडाक्षराला स्वतंत्र क्रमांक नसतो. सुटी अक्षरं जोडायची कशी, हे फॉन्टला शिकवावं लागतं. याला सगळे गडी ठाऊक होते, पण कोण कुणाच्या खांद्यावर बसतं हे कुणी सांगितलंच नव्हतं.

तिसरा फॉन्ट सर्वगुणसंपन्न होता, आणि दिसायला वीजबिलासारखा.

शेवटी देखण्याकडे परतलो आणि शीर्षक बदललं: 'नवं उपयोजन'. एकही अक्षर उसनं नाही. शेजारच्या टेबलावरचा सहकारी मान वाकडी करून वाचत होता.

"उपयोजन म्हणजे काय रे?"

"ॲप."