त्या खोलीतला मिक्सर

आत्ताच सोसायटीच्या मीटिंगमधून उठून आलेय. हात अजून थरथरतोय, टायपिंग चुकलं तर सांभाळून घ्या.

गणपतीचे पंचवीस हजार शिल्लक आहेत, ते कुठे द्यायचे यावर बोलणं चाललं होतं. मी कॅन्सरच्या पेशंटना राहायला जागा देणारी परळची ती छोटी संस्था सुचवली. चाळीतल्या दोन खोल्या, चार-पाच रिटायर्ड माणसं, एवढाच पसारा. तर एक काका म्हणाले, "तिथे तोंडाच्या कॅन्सरवालेच जास्त ना? तंबाखू खाताना आपल्याला विचारलं होतं का?" आणि दोघा-तिघांनी माना डोलावल्या!

माझे अण्णा तंबाखू खायचे. पस्तीस वर्षं. चुना लावून, मळून, डाव्या गालात. खायला नको होती, आम्ही भांडलोही त्यावरून. बरं, मग? मरू द्यायचं होतं का त्यांना?

२०१४ साली परभणीहून देवगिरीने दादरला उतरलो. टाटा हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन पार पडलं. पण खरे हाल पुढेच होते. डॉक्टरांनी रेडिएशनचे तीस शेक सांगितले. सोमवार ते शुक्रवार रोज एक, म्हणजे सहा आठवडे. मशीनखाली जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. एवढ्यासाठी कोणी अॅडमिट करून घेत नाही. घेणार तरी कसं, अख्ख्या देशातून माणसं येतात तिथे, खाटा ऑपरेशनवाल्यांनाच पुरत नाहीत. पण दिवसाचे उरलेले तास परभणीच्या माणसाने मुंबईत काढायचे कुठे? भावाला कधीकाळी बरा पगार होता म्हणून रेशन कार्ड पांढरं झालेलं. भावाची नोकरी गेली, कार्ड पांढरंच राहिलं. त्यामुळे सरकारी आरोग्य योजनेतही बसलो नाही. आता योजना सगळ्या कार्डांना लागू झालीय, रक्कमही पाच लाख झालीय, चांगलंच झालं. पण योजना शेकाचे पैसे देते. रात्री पाठ टेकायला जागा कोण देणार?

जेरबाई वाडिया रोडच्या फूटपाथवर आम्ही नऊ रात्री काढल्या. शेजारी बिहारचं एक कुटुंब होतं. त्यांचीही तीच गत.

अण्णांच्या नाकात नळी होती. दर दोन तासांनी मोठ्या सिरिंजने पातळ काहीतरी द्यायचं. आई नाचणीची पेज हाताने कुस्करायची आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून गाळायची. तरी एक गुठळी राहिली आणि नळी तुंबली. ती काढून दुसरी घातली तेव्हा अण्णांनी आईचा हात इतका घट्ट धरला होता की तिची बांगडी वाकली. त्यानंतर आई पेज नुसती पाण्यासारखी करायला लागली. मग वजन घटायला लागलं. वजन घटलं की शेक देताना डोकं हलू नये म्हणून तोंडावर बसवायचा साचा सैल होतो, तो पुन्हा बनवावा लागतो, शेक लांबतात. हे सगळं आम्हाला तिथेच कळलं.

दहाव्या दिवशी एक गृहस्थ आईसमोर थांबले. थोडा वेळ तिचं गाळणं बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, आमच्याकडे मिक्सर आहे. चला."

कार्ड मागितलं नाही. आजार कशाने झाला हेही विचारलं नाही. मिक्सर आहे, चला.

मीटिंगमध्ये मी हे सांगायला लागले तर सेक्रेटरी म्हणाले, "ते ठीक आहे हो, पण ८०जी आहे का त्यांच्याकडे?" म्हणजे देणगीवर इन्कम टॅक्समध्ये सूट मिळते का. हिशेब विचारावा, त्यात काही चूक नाही. धर्मादायची नोंदणी आहे त्यांची, खर्चाची वही कोणालाही दाखवतात. ८०जी नाही. पण मला सांगा, आपल्यातल्या कितीजणांनी मंडळाची वर्गणी ८०जी बघून दिली होती?

आणि तंबाखूचंच बोलायचं तर गुटखाबंदी २०१२ला झाली. आपल्या गेटासमोरच्या टपरीवर पुडी आजही मिळते. त्या टपरीवाल्याला कोणी कधी जाब विचारल्याचं मला आठवत नाही. विचारायचं कोणाला, तर नाकात नळी घातलेल्या माणसाला! आपल्याच हॉलमध्ये गाडगेबाबांची दशसूत्री लावलीय. भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, रोग्यांना औषधोपचार. कुठल्या रोग्यांना, असं काही लिहिलंय का त्यात?

(चहा घेतला. जरा शांत झालेय.)

काकांवर राग आहेच, पण त्यांना तरी काय ठाऊक असणार. २०१४च्या आधी शेक किती दिवस चालतात हे मलाही ठाऊक नव्हतं. मोठ्या संस्था आहेत, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, नाना पालकर समिती आहे, त्यांचं काम केवढं मोठं आहे. पण माणसांचा लोंढा त्याहून मोठा आहे. तिथे जागा मिळेपर्यंत मधल्या दिवसांत माणूस जातो कुठे, तर असल्या दोन खोल्यांत.

त्या खोलीत ओट्यावर मिक्सर होता आणि भिंतीवर खडूने लिहिलेल्या वेळा. सहाला बिहारवाले, सव्वासहाला बंगालच्या मावशी, साडेसहाला परभणी. तिथेच आई मूगडाळ-भात वाटून गाळायला शिकली. तिला हिंदी येत नव्हतं. मावशींनी गाळणं कसं धरायचं ते हातानेच दाखवलं. तिसाव्या शेकापर्यंत अण्णांचा साचा बदलावा लागला नाही.

त्यानंतर चार वर्षं मिळाली आम्हाला. नातीचं बारसं त्यांच्या मांडीवर झालं. ते पंचवीस हजार कुठेही द्या, मी आता वाद घालणार नाही. पण त्या माणसांबद्दल माझ्यासमोर पुन्हा असं बोलू नका.

मी रविवारी जाणार आहे. मघाशी फोन केला तर म्हणाले, मिक्सरचं पातं झिजलंय आणि बारीक गाळण्या कमी पडतायत. आईने नाचणीचं पीठ दळून ठेवलंय. कोणाला यायचं असेल तर सकाळी दहाला परळ स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी भेटा.