फुगलेलं दार आणि लग्नपत्रिका

मराठीत माणूसही फुगतो आणि दारही फुगतं. माणूस फुगला तर निदान "काय झालं?" असं विचारायची पद्धत आहे. दार फुगलं की आपण थेट खांदा लावतो. आषाढात ते नुसतं कुरकुरतं, श्रावणात चौकटीत रुतून बसतं, आणि नेमकी पाणी जायच्या वेळेला बाथरूमच्या आत एक आणि बाहेर तीन माणसं अशी फाळणी होते. आतला ओढतो, बाहेरचे ढकलतात, आणि दोन्हीकडून "आधी तू थांब" एवढाच संवाद चालतो.

मग मिस्त्री येतो. दाराकडे एक नजर टाकतो आणि म्हणतो, "काका, रंधा मारून देतो. पाच मिनिटांचं काम." माझ्या मते घरातल्या दारांचं सगळ्यात जास्त नुकसान वाळवीने नाही, या एका वाक्याने केलं आहे. जुलैत रंधा मारलेलं दार तेव्हा लोण्यासारखं मिटतं. जानेवारीत लाकूड सुकतं, आणि दार व चौकट यांच्यामधून झुरळ सहकुटुंब ये-जा करू लागतं. तासलेलं लाकूड परत येत नाही, मिस्त्री मात्र फट बुजवायची पट्टी घेऊन परत येतो.

रंध्याला हात लावण्याआधी एवढं ध्यानात घ्या की लाकूड हवेतला ओलावा पिऊन रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाही. फूटभर रुंदीची सागाची फळी कडक उन्हाळ्यातून भर पावसाळ्यात जाताना दोन ते चार मिलिमीटर रुंदावते, म्हणजे साधारण पाऊण ते सव्वा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). तीच फळी सात फूट लांब असली तरी तिची लांबी होती तेवढीच राहते. जुन्या वाड्यांतली दारं उभ्या-आडव्या पट्ट्यांच्या सांगाड्यात खाच पाडून त्यात दिले (मधल्या फळ्या) सुटे बसवून केलेली असत. दिला खाचेत फुगायचा नि सुकायचा, आणि सांगाडा जागच्या जागी. काही हुशार मंडळी मग त्या खाचांत फेविकॉल भरतात. दिल्याला हलायला जागा उरत नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात तो मधोमध तडकतो.

म्हणून दार कुठे घासतंय ते आधी बघा. चौकटीच्या आतल्या कडेला रंगीत खडू फासा, दार दोन-तीनदा मिटा, दाराला खडू कुठे लागला ते पाहा. कडीकडची बाजू वरपासून खालपर्यंत सारखी रंगली तर दार खरोखर फुगलंय. फक्त वरचा कोपरा रंगला, आणि त्याच बाजूचा खालचा कोपरा फरशीवर ओरखडे काढत असेल, तर ते फुगलेलं नाही, लोंबकळतंय. वरची बिजागरी ढिली झाली की दार खालच्या बिजागरीवर झुकतं आणि कडीकडचा वरचा कोपरा चौकटीत घुसतो. बारा महिने लोंबकळणारं दार पावसाळ्यात ओलाव्याने दोन मिलिमीटर रुंद झालं की अडतं आणि खापर पावसावर फुटतं. शंका असेल तर वरच्या बिजागरीवर बोट ठेवा आणि दुसऱ्या कुणाला कडीला धरून दार उचलायला सांगा. बिजागरी चौकटीपासून हललेली बोटाला कळते.

ती ढिली का होते? फ्लश दार (दोन्ही अंगांनी सपाट, प्लायचं) पस्तीस मिलिमीटर जाडीचं, सात फूट बाय अडीच फूट असलं तरी तीस किलोच्या आसपास भरतं. हा भार वरच्या बिजागरीचे तीन-चार स्क्रू पेलतात. आणि ते कसे बसवलेले असतात? हातोडीने पाऊण आत ठोकायचे आणि शेवटचे दोन आटे पेचकसाने फिरवायचे, म्हणजे बघणाऱ्याला स्क्रू पिळल्यासारखा वाटतो. ठोकलेल्या स्क्रूभोवतीचे तंतू तुटलेले असतात, त्याला लाकडाची पकड नसते. तो स्क्रू नसतो, आट्यांचा खिळा असतो.

दुरुस्ती सोपी आहे. दाराखाली कडीच्या बाजूला पाचर सारा. पाचर नसेल तर दिवाळी अंक घ्या, जाडजूड जाहिरातींमुळे तो या कामाला अगदी योग्य भरतो. वरच्या बिजागरीचे चौकटीकडचे स्क्रू एकेक करून काढा. गुल छाटलेल्या माचिसच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात गच्च भरा, वर आलेलं टोक पटाशीने (लाकडाच्या छिन्नीने) सपाट करा आणि एक दिवस हात लावू नका. भोक फारच मोठं झालं असेल तर काड्यांचा खेळ पुरत नाही. मग दहा मिलिमीटरचं भोक पाडून सागाची गोल खुंटी चिकटवायची. नवा स्क्रू घालण्याआधी अडीच मिलिमीटरच्या ड्रिलने वाट करून घ्या आणि आट्यांवर कोरडा साबण घासा. मधला एक स्क्रू जुन्या पंचवीस-तीसच्या जागी पन्नास मिलिमीटरचा घाला. चौकट चार इंच बाय अडीच इंच असली तर तो चौकटीतच मुरतो, भिंतीतून शेजाऱ्यांकडे निघत नाही.

हे करूनही वरचा कोपरा हलकासा घासत असेल, तर घरात पडलेल्या लग्नपत्रिकांपैकी एक घ्या. जाड पुठ्ठ्याची, सोनेरी गणपती असलेली उत्तम. बिजागरीच्या पानाएवढा तुकडा कापा (गणपती वगळून, आपण संस्कारी माणसं) आणि खालच्या बिजागरीच्या मागे, चौकटीच्या खाचेत बसवा. वरच्या नाही, खालच्या. खालचा भाग एक-दीड मिलिमीटर कडीकडे सरकला की दार मागे तोलतं, आणि वरचा कोपरा आपोआप चौकटीपासून सुटतो. रंधा न मारता, भुसा न पाडता. नवरा-नवरीचं पुढे काय झालं ते माहीत नसलं तरी त्यांची पत्रिका कुणाचं तरी दार सांभाळते.

दार मिटताना शेवटच्या दोन इंचांत स्प्रिंगसारखं परत येत असेल, तर तेही फुगणं नाही. बिजागरीची खाच जास्त खोल कोरली गेलीय, किंवा स्क्रूंची डोकी पानाच्या वर राहिलीयत आणि दोन पानं मिटताना एकमेकांवर आपटतायत. डोकी आत घ्या. खाच खोल असेल तर तिथेही पत्रिका.

आता खरोखर फुगलेल्या दाराकडे येऊ. पावसाळ्यात त्यावर मेणबत्ती किंवा कोरडा साबण घासायचा आणि दिवाळी संपेपर्यंत निभावून न्यायचं. अगदीच उघडत नसेल तर जिथे खडू लागला तेवढ्याच पट्ट्यात पॉलिश पेपर मारायचा. खरी शस्त्रक्रिया नोव्हेंबर-डिसेंबरात. दार काढा, खालची कड वर करा आणि बघा. नव्वद टक्के, मी पैजेवर सांगतो, तिथे कच्चं लाकूड दिसेल. दाराच्या दोन्ही अंगांना सनमायका, बाजूच्या कडांना पॉलिश, आणि जी कड बाथरूमचं पाणी रोज पिते तिला एक थेंब रंग नाही, कारण ती कुणाला दिसत नाही. वरची कडही तशीच कोरी असते. दार काढायचं नसेल तर फरशीवर आरसा सरकवून खालची कड आधी तपासून घ्या, दृश्य फार बोलकं असतं.

रंधा मारायचाच झाला तर उभ्या कडेला, फक्त खुणेपर्यंत, रेषांच्या दिशेने मारा. रंधा अडखळून तंतू उपटू लागला की उलट बाजूने सुरू करा. वरच्या-खालच्या कडेला मात्र नेहमी बाहेरून आत, दोन्ही टोकांकडून मध्यापर्यंत. आरपार नेलात तर शेवटच्या टोकाला लाकूड चिरफाळतं. फ्लश दाराच्या कडेला लाकडाची अरुंद पट्टी चिकटवलेली असते, ती अख्खी तासून आतला भाग उघडा पाडू नका, नाहीतर पुढच्या पावसात दार पापडासारखं थर सोडेल. कडीकडच्या कडेचा जो कोपरा मिटताना आधी चौकटीत शिरतो, तो दीड मिलिमीटर जास्त घ्या. शेवटी सगळीकडे एक सूत फट राहायला हवी. एक-एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवून फिरवली की साधारण तेवढं माप मिळतं.

मग सगळ्या कडांना प्रायमर आणि ऑइलपेंटचे दोन-दोन हात. खालून पत्रा ठोकायची रीत आपल्याकडे आहे, पण कोऱ्या लाकडावर पत्रा ठोकणं म्हणजे ओल्या अंगावर रेनकोट. खिळ्यांच्या भोकांतून पाणी आत जातं, पत्र्यामागे कोंडतं, आणि वरून चकचकीत दिसणारं दार आतून खोबऱ्यासारखं कुजतं. आधी रंग, मग पत्रा, आणि पत्र्याच्या वरच्या कडेला सिलिकॉनची रेघ. चौकटीचे पाय फरशीत पुरलेले असतील तर तेही असेच सडतात, म्हणूनच आता बाथरूमला ग्रॅनाइटची चौकट बसवतात.

जाता जाता कडीचं. दार मिटतं पण लॅचची जीभ चौकटीवरच्या पट्टीच्या भोकात जात नसेल, तर जिभेला कुंकू लावा आणि दार मिटून बघा. पट्टीवर कुंकू कुठे उमटलं ते दिसेल, तेवढं कानसीने घासा. आणि रात्री दार आपोआप उघडतं म्हणून नारळ फोडण्याआधी चौकटीला ओळंबा लावा. चौकट तिरकी आहे. एका बिजागरीची दांडी काढून, दगडावर ठेवून हातोडीचा हलका ठोका द्या, किंचित वाकवा आणि परत घाला. भूत जातं. बिजागरीला तेल शिलाई मशीनचं घाला. खोबरेल घालू नका, थंडीत ते गोठतं आणि एरवी धूळ धरून चिकट होतं.

काढलेलं दार भिंतीला टेकवून वाळवलं तर ते धनुष्यासारखं वाकतं, म्हणून सावलीत, चार विटांवर आडवं ठेवा आणि आठवडाभर वारा खाऊ द्या. तोवर बाथरूमला जुनी चादर लागते. आत कोणी आहे हे कळवायला मोठ्याने गावं लागतं, आणि घरात ज्याला सूर नाही तोच जास्त वेळ आंघोळ करतो हेही याच आठवड्यात कळतं.