रुमाल

लेकीच्या घरी राहायला जाणाऱ्या बापाने ‘नाही’ हा शब्द विमानतळावरच जमा करून टाकावा. बाबा, अजून एक पाव घ्या. घेतो. बाबा, समुद्रावर चक्कर मारू. मारू. याच ओघात मे २०२४ मध्ये, मुक्काम नीस, फ्रान्स, जावई म्हणाले, ‘‘बाबा, रविवारी मोनाको करू या का?’’ मी म्हणालो, ‘‘करू की.’’ डोळ्यांसमोर राजवाडा, बागबगीचा आणि फार तर बाहेरून बघायचा कॅसिनो. तिकिटं हातात पडली तेव्हा कळलं, की हे फॉर्म्युला वनच्या शर्यतीचं प्रकरण आहे. शर्यत दुपारी ३ ला आणि घरातून निघायचं पहाटे साडेचारला.

‘‘एवढ्या लवकर कशाला?’’

‘‘आपल्या तिकिटावर सीट नंबर नाहीये, बाबा. रोशे म्हणतात त्या भागाला. राजवाड्याखालचा डोंगरउतार. आधी येईल त्याची जागा.’’

हे ऐकलं मात्र आणि माझ्या आतला निवृत्त प्रवासी खाडकन जागा झाला. डोंबिवली ते व्हीटी मी ३१ वर्षं जागा पकडलेली आहे. त्यातली काही वर्षं तर बसायला मिळावं म्हणून उलटा कल्याणला जाऊन तिथून बसून आलो आहे. गाड्यांच्या शर्यतीतलं मला ओ की ठो कळत नाही. पण जागा या विषयात जावयाने मला शिकवावं, इतका काही मी म्हातारा झालेलो नाही.

हिने पिशवी भरली. तिखटमिठाच्या पुऱ्या, सोलापुरी चादर आणि विमानात घेतलेली ती फुगवायची मानेची उशी. उशी घेऊन शर्यतीला जाणारा मी जगातला पहिलाच इसम असेन, असं मी म्हणालो. ‘‘लाज वाटली तर बाहेर काढू नका. पण असू द्या,’’ ही म्हणाली.

नीसच्या गाडीने निराशा केली. गर्दी होती, पण गर्दीला वळण होतं. विल्फ्रान्श, ब्योलियू, एझ, प्रत्येक स्टेशनावर लाल टोप्यांचे घोळके चढत होते आणि चढताना एकमेकांना चक्क ‘पार्दों’ म्हणत होते. आमच्या लायनीवर ‘पार्दों’ म्हणणारा माणूस अजून ठाकुर्लीच्या फलाटावरच उभा असता.

मोनाकोचं स्टेशन डोंगराच्या पोटात आहे. तिथून चढून, रांगेत उभं राहून, पिशव्या तपासून घेऊन आम्ही उतारावर पोचलो तर अर्धा उतार आधीच भरलेला. हे लोक रात्रीच कल्याणला गेले असावेत! जावई ‘कुठे बसू या’ म्हणून अदबीने इकडेतिकडे बघायला लागले. मला मात्र एक झुडूप आणि एक जाडजूड इटालियन यांच्यामध्ये फट दिसली. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात त्याच हिशेबाने मी लांबूनच एका झटक्यात सोलापुरी चादर फेकली. पलीकडचा कोणी फ्रेंचमध्ये कुरकुरला. मी ‘अजून दोघं येतायत’ असं सांगणारं हसू हसलो. त्याला भाषा लागत नाही.

‘‘बाबा, इथे असं नाही करत,’’ जावई कुजबुजले. पाच मिनिटांनी तेही चादरीवर बसले.

आता उतारावर नऊ तास बसणं म्हणजे काय, ते सांगतो. तुम्ही बसत नाही, हळूहळू खाली येत असता. दर अर्ध्या तासाने मी वीतभर घसरायचो आणि माझे गुडघे पुढच्या माणसाच्या पाठीला लागायचे. मग ‘पार्दों’ म्हणून पुन्हा वर. शेवटी एका मुळाला टाच लावून बसलो, तर ती टाच बधिर. स्वच्छतागृह खाली, आणि खाली गेलेल्याची जागा राहीलच याची हमी नाही. मी सकाळपासून पाण्याला शिवलो नव्हतो, हेसुद्धा लोकलचंच शिक्षण.

मनोरंजनाला सकाळभर धाकट्या गाड्यांच्या शर्यती होत्या. मधल्या वेळात जावई माहिती पुरवत होते. ही शर्यत १९२९ पासूनची, आँतोनी नोगेस नावाच्या गृहस्थांनी सुरू केलेली. खाली दिसतं ते शेवटचं वळण त्यांच्याच नावाचं. पहिली शर्यत विल्यम्स नावाच्या गड्याने हिरव्या बुगाटीतून जिंकली. पुढे महायुद्धात तो इंग्रजांचा हेर झाला आणि नाझींनी त्याला मारलं. समोरच्या बंदरात १९५५ साली अस्कारी गाडीसकट पडला होता आणि पोहत वर आला होता. फेरी ३.३३७ किलोमीटरची, फेऱ्या ७८. गाड्यांच्या ओढीने झाकणं उचलली जाऊ नयेत म्हणून गटारांची झाकणं वेल्डिंग करून बसवतात. आणि संध्याकाळी हाच रस्ता पुन्हा रहदारीला मोकळा करतात.

‘‘म्हणजे संध्याकाळी इथून बस जाते?’’

‘‘जाते ना.’’

इथे माझ्या मनात शर्यतीबद्दल पहिल्यांदा आदर निर्माण झाला.

‘‘गाडी केवढी असते हो?’’

‘‘दोन मीटर रुंद, साडेपाच मीटर लांब.’’

मी रस्त्याकडे पाहिलं. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे, मध्ये आमच्या फडके रोडला शोभेल एवढी वाट. ‘‘मग ओव्हरटेक कुठून करतात?’’

जावई जरा थांबले. ‘‘इथे सहसा करत नाहीत, बाबा. शनिवारच्या पात्रता फेरीत जो पुढे, तो रविवारी पुढे.’’

म्हणजे शनिवारी रुमाल टाकायचा आणि रविवारी त्यावर बसायचं! एवढं सोपं कोणी आधी सांगितलं असतं तर मी हा खेळ कधीच बघायला लागलो असतो. यंदा पहिला रुमाल शार्ल लक्लेर याचा होता (आपल्या पेपरात त्याचा लेक्लर्क होतो), आणि तो याच गावचा पोरगा. २०२१ ला पहिली जागा मिळवली तर शर्यत सुरू व्हायच्या आधीच गाडी मोडली. २०२२ ला मिळवली तर उतरताना चौथा. चौथी सीट म्हणजे काय, हे ज्याने तीन जणांच्या बाकड्यावर अर्धं बूड टेकवून ठाणं गाठलंय त्यालाच विचारावं. मी त्या पोराच्या बाजूचा झालो. गावच्या माणसाने ही शर्यत जिंकल्याला ९३ वर्षं झाली होती. त्याआधीचा शिराँ, १९३१ चा.

३ वाजता एकदाचा तो आवाज झाला. कानाने ऐकायचा आवाज नव्हे तो, बरगड्यांनी ऐकायचा. आणि पहिल्याच फेरीत, चढावर, तीन गाड्या एकमेकींत घुसून चिंध्या. माणसं सुखरूप. लाल झेंडा, शर्यत बंद, पाऊण तास सफाई. सैन्स नावाच्या गड्याचं टायर पहिल्याच वळणावर फुटलं होतं आणि तो वाटेत थांबला होता, पण पुन्हा सुरू करताना त्याला त्याची तिसरी जागा परत मिळाली. रुमाल होता ना!

पुढचं सगळं त्या पाऊण तासात ठरलं. शर्यतीत दोन तऱ्हेचे टायर वापरायचेच, असा नियम आहे. ते बदलायला गाडी थांबते, तेवढीच उलथापालथ. पण झेंड्याच्या सुट्टीत सगळ्यांनी फुकटात टायर बदलून घेतले. आता कोणालाच थांबायचं कारण उरलं नाही. उलट हेच टायर शेवटपर्यंत पुरवायचे, म्हणून सावकाश चालवायचं. रथापुढच्या-मागच्या दिंड्या जशा आपापल्या क्रमाने जातात, तशा गाड्या माझ्यासमोरून जात राहिल्या. त्यात निदान टाळ-मृदंग असतात.

चाळिसाव्या फेरीच्या सुमारास मी चोरून उशी काढली, फुगवली, मानेत अडकवली. जागा झालो तेव्हा साठावी चालू होती.

‘‘काय झालं?’’

‘‘काही नाही,’’ जावई घशात प्राण आणून म्हणाले. त्यांच्या दृष्टीने काही न होणं हीच मोठी गोष्ट होती.

लक्लेर जिंकला आणि बंदरातल्या सगळ्या बोटींनी भोंगे लावले. खाली राजेसाहेब डोळे पुसत होते, पडद्यावर दिसत होतं. पुढचा इटालियन, ज्याच्या पाठीला मी सकाळपासून गुडघे लावत होतो, त्याने मला कवेत घेऊन गालांचे मुके घेतले. मग त्याचं लक्ष माझ्याखालच्या लालभडक सोलापुरी चादरीवर गेलं. लक्लेरच्या फेरारी गाडीचाच रंग. विचारायची पद्धत नसावी. ओढली आणि दोन्ही हातांनी डोक्यावर फडकवायला लागला. सोलापूरचे मोर मोनाकोच्या आकाशात नाचत होते. चादर उठली त्याच क्षणी वरच्या अंगाचे चौघे घसरत माझ्या जागेवर आले. मी उभाच राहिलो.

परतीच्या गाडीतही उभाच. मी उशी पिशवीच्या तळाशी लपवली होती. जावई फोनवर वाचत होते. ‘‘बाबा, पहिले दहाच्या दहा जण निघाले त्याच क्रमाने आले. फॉर्म्युला वनच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं.’’

मी मान डोलावली. पहिले दहा व्हीटीपर्यंत न सरकता बसून आले, त्यात काय.

‘‘आणि हे ऐका. वेर्स्टापेन, तीन वेळचा जगज्जेता, आज सहावा आला. तो चालू शर्यतीत रेडिओवर म्हणाला, फार कंटाळवाणं आहे, उशी आणायला हवी होती.’’

दाराशी टेकून उभ्याने झोपायला आमच्या लायनीच्या माणसाला उशी लागत नाही. तरी मी ती पिशवीतून काढली, भर डब्यात सावकाश फुगवली, गळ्यात घातली आणि एझ यायच्या आत डोळे मिटले.