कल्पना उत्तम आहे, समिती नेमू या

नवी कल्पना घेऊन आलेल्या माणसाला तोंडावर ‘नाही’ म्हणण्याचे दिवस गेले, आणि ते बरंच झालं. नकार मिळालेला माणूस फार धोकादायक असतो. तो चिडतो, हट्टाला पेटतो आणि एक दिवस ती गोष्ट करूनच दाखवतो. तेव्हा तुमच्या कंपनीत नवकल्पनांना प्रोत्साहन द्यायचं तुम्ही ठरवलंच असेल, तर एवढं पक्कं ध्यानात ठेवा: कोणालाही अडवायचं नाही. ‘वा!’ म्हणायचं.

जपानच्या निचिया कंपनीला हे उशिरा कळलं. तिथला शुजी नाकामुरा निळ्या एलईडीच्या मागे लागला होता. लाल आणि हिरवे दिवे तोवर निघाले होते, चमकदार निळा कोणालाच जमत नव्हता, आणि निळा नसल्यामुळे एलईडीतून पांढरा उजेड मिळत नव्हता. कंपनीची सूत्रं नव्या साहेबांकडे आली आणि त्यांनी हे काम थांबवायचे आदेश दिले. नाकामुराने आदेश बाजूला ठेवले, काम चालू ठेवलं आणि 1993 मध्ये निळा दिवा लागला. पुढे 2014 सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या तिघांत तो होता. अडवायला गेलं की हे असं होतं! त्यापेक्षा साहेबांनी त्याला ‘निळ्या प्रकाशाची पंचवार्षिक दिशा’ या विषयावर वीस स्लाइड करायला सांगितल्या असत्या, तर तो अजूनही फॉन्ट बदलत बसला असता.

कोडॅकचे साहेब मात्र या कलेत मुरलेले होते. स्टीव्ह सॅसन या त्यांच्या तरुण इंजिनिअरने 1975 मध्ये फिल्म न लागणारा कॅमेरा जोडला. वजन साडेतीन किलोच्या वर, चित्र 0.01 मेगापिक्सेलचं, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद. सॅसनच्या आठवणीप्रमाणे वरिष्ठांचं म्हणणं साधारण असं पडलं, की छान आहे, पण कोणाला सांगू नकोस. या वाक्याची रचना जरा निरखून बघा. कौतुक आधी, कुलूप नंतर. कोणी आवाज चढवला नाही, कोणाची नोकरी गेली नाही, उलट 1978 मध्ये रीतसर पेटंटही मिळालं. हे बाजारात चालायला किती वर्षं लागतील, असं विचारल्यावर सॅसनने पंधरा ते वीस असा अंदाज दिला. आता वीस वर्षांनी येणाऱ्या संकटासाठी आजचा फिल्मचा भरघोस नफा कोण हलवणार? वीस वर्षांनी त्या खुर्च्यांवर दुसरीच माणसं असतात. जानेवारी 2012 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करायची वेळ आली, तेव्हाही तो दुसऱ्याच साहेबांना करावा लागला.

आता तुमच्याकडे या. तुमच्या गोदामात एक कारकून आहे. माल बाहेर पाठवताना पार्टीचं नाव, नगांची संख्या आणि गाडीचा नंबर तो तीन ठिकाणी लिहितो: गेटच्या रजिस्टरमध्ये, स्टोअरच्या रजिस्टरमध्ये आणि संध्याकाळी पुन्हा अकाउंट्सच्या एक्सेलमध्ये. एक दिवस तो तुमच्या केबिनच्या दारात उभा राहून म्हणतो, ‘साहेब, हे एकदाच भरलं तर चालणार नाही का?’

घाबरू नका. खुर्चीवरून उठा. त्याच्या खांद्यावर हात ठेवा आणि म्हणा, ‘आपल्याला अशीच माणसं हवीत.’ मग त्याच्या हातात फॉर्म द्या.

फॉर्म चांगला असला की अर्धं काम तिथेच होतं. कल्पनेचं शीर्षक, कल्पनेचा थोडक्यात सारांश, कल्पनेचा सविस्तर सारांश. कंपनीच्या कोणत्या मूल्याशी ती निगडित आहे, त्यावर खूण करा. अपेक्षित बचत, पहिल्या वर्षापासून पाचव्या वर्षापर्यंत, तिमाहीनिहाय. जोखीम आणि जोखीम टाळण्याचे उपाय. यापूर्वी ही कल्पना कुठे यशस्वी झाली आहे काय? असल्यास पुरावा जोडा. (हा रकाना मला फार आवडतो. नवी कल्पना हवी, पण आधी दुसऱ्याने करून पाहिलेली.) शेवटी विभागप्रमुखाची सही, आणि विभागप्रमुख म्हणजे नेमके ते गृहस्थ, ज्यांनी दहा वर्षांपूर्वी ती तीन रजिस्टरं सुरू केली.

त्यांनी चुकून सही केलीच, तर समिती आहे. समितीत सगळ्या खात्यांचं प्रतिनिधित्व हवं, म्हणजे प्रत्येक खात्याला आपापली शंका काढता येते. गेटवाल्यांना सुरक्षेची काळजी, अकाउंट्सला ऑडिटची, आयटीला सर्व्हरची, आणि एचआरला ही, की कारकुनाचा वेळ वाचला तर त्या वाचलेल्या वेळात तो काय करेल. एकही शंका खोटी नसते, हे विशेष. म्हणून तर कोणाला दोष देता येत नाही. चौथ्या बैठकीत एकमताने ठरतं की एकदम बदल करायला नको, आधी किती वेळ वाया जातो ते मोजू. त्यासाठी एक वेगळी नोंदवही ठेवावी. ती भरायची जबाबदारी, उघडच आहे, कल्पना ज्याची त्याची.

आता त्याच्याकडे चार रजिस्टरं आहेत. तो पुन्हा तुमच्या दारात येणार नाही, आणि त्याचं पाहून दुसराही कोणी येणार नाही. वार्षिक अहवालात तेवढं ‘एका सूचनेवर कार्यवाही प्रगतिपथावर’ असं घालायला विसरू नका.

सूचना येईनाशा झाल्या की विचारमंथनाचं सत्र ठेवा. बीनबॅग, रंगीत मार्कर, भिंतभर चिकटचिठ्ठ्या एवढं सामान पुरे. 1958 मध्ये येल विद्यापीठातल्या एका प्रयोगात असं आढळलं होतं की चौघांनी एकत्र बसून जेवढ्या कल्पना काढल्या, त्याहून कितीतरी जास्त त्याच संख्येच्या माणसांनी वेगवेगळं बसून काढल्या. पण वेगवेगळं बसलेल्या माणसांचा ग्रुप फोटो काढता येत नाही, त्यामुळे आपण एकत्रच बसवायचं. सुरुवातीला तुम्ही म्हणा, ‘इथे कोणी साहेब नाही, बिनधास्त बोला.’ आणि लगेच, इतरांना दिशा मिळावी म्हणून, स्वतःची कल्पना सांगा. पुढचा तासभर त्याच कल्पनेला फांद्या फुटतात. एखादी नवखी मुलगी ‘पण सर, ग्राहक हे मागतात तरी का?’ असं विचारेल. तिला म्हणा, ‘खूप छान प्रश्न. हा आपण पार्किंगमध्ये ठेवू.’ बोर्डाच्या कोपऱ्यात चौकोन काढून प्रश्न त्यात लिहा. संध्याकाळी शिपाई बोर्ड पुसतो.

त्या चिकटचिठ्ठ्यांचीही एक गोष्ट आहे, ती मात्र सत्रात सांगू नका. थ्रीएम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हरने 1968 मध्ये एक डिंक शोधला. तो धड चिकटत नव्हता. चिकटायचा आणि सहज सुटायचा. पुढे काही वर्षं सिल्व्हर तो सहकाऱ्यांना दाखवत हिंडला. अखेर आर्ट फ्राय या सहकाऱ्याला आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकातल्या सारख्या घसरणाऱ्या खुणांसाठी तो आठवला. 1977 मध्ये काही शहरांत चाचणीदाखल माल विकायला ठेवला, तो कोणी फारसा घेतला नाही. पुढच्या वर्षी एका शहरात फुकट वाटला, तेव्हा लोक मागायला लागले. अमेरिकाभर विक्री सुरू व्हायला 1980 उजाडलं. बारा वर्षं! तुमच्या फॉर्ममधला ‘पहिल्या तिमाहीतील बचत’ हा रकाना असता, तर ही सगळी उधळपट्टी पहिल्याच पानावर वाचली असती.

याच थ्रीएममध्ये संशोधकांना पंधरा टक्के वेळ स्वतःच्या डोक्यातल्या कामाला द्यायची मुभा होती. तुम्हीही द्या. फक्त तो वेळ उरलेल्या शंभर टक्क्यांनंतरचा असावा. शनिवारी दुपारनंतर ऑफिसचा एसी बंद होतो, तो काळ उत्तम.

हे सगळं करूनही माणसांच्या डोक्यात काही ना काही शिजत राहिलंच, तर शेवटचा खर्चिक उपाय म्हणजे इनोव्हेशन सेंटर. ते मुख्य कचेरीपासून जमेल तितकं लांब हवं. झेरॉक्सने 1970 मध्ये पॅलो आल्टोला असं केंद्र काढलं, आणि मुख्य कचेरी होती अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्याला. तिथल्या माणसांनी 1973 मध्ये माउस आणि चौकटी (विंडोज) उघडणारा स्क्रीन असलेला ‘अल्टो’ हा संगणक बनवला. संगणक एकमेकांना जोडणारं इथरनेटही तिथलंच. मुख्य कचेरीचा धंदा कॉपी मशिनचा, तिला या खेळण्यांचं करायचं काय? 1979 मध्ये अ‍ॅपलचे काही शेअर विकत घ्यायला मिळाल्याच्या बदल्यात अ‍ॅपलच्या लोकांना केंद्र आतून दाखवलं गेलं, स्टीव्ह जॉब्जसकट. लांबच्या केंद्राचा फायदा असा, की तिथलं काम आपल्या साहेबांआधी पाहुण्यांना समजतं.

एक गफलत मात्र झाली, तीही सांगितली पाहिजे. लेझर प्रिंटरचा शोध मुळात झेरॉक्सच्या जुन्या संशोधन विभागातला, आणि तिथल्या वरिष्ठांना तो नको होता. त्यांनी त्या संशोधकाला अडवलं, म्हणून तो पॅलो आल्टोला बदली घेऊन गेला, तिथे त्याने प्रिंटर पुरा केला आणि त्या प्रिंटरने कंपनीला उदंड पैसा दिला. पुन्हा तेच. नाही म्हटलं नसतं, नुसतं वा म्हटलं असतं, तर तो जागचा हलला नसता.

बक्षिसाचंही पाहू. बक्षीस जरूर द्या, पण कल्पनेच्या आकाराचं देऊ नका, नाहीतर उद्या सगळेच विचार करायला लागतील. निचियाने नाकामुराला पेटंटपोटी 20 हजार येन दिले होते. रक्कम आदर्श होती. पुढे तो कंपनी सोडून गेला, कोर्टात गेला, 2004 मध्ये कोर्टाने त्याला 20 अब्ज, म्हणजे दोन हजार कोटी येन द्या म्हणून सांगितलं, आणि 2005 मध्ये साधारण 84 कोटी येनांवर तडजोड झाली. असल्या भानगडी टाळायला श्रेय ‘टीम’ला द्यावं. टीमला कोर्टात जाता येत नाही. प्रमाणपत्रावर टीमचं नाव, फोटोत मधोमध तुम्ही, आणि कल्पना ज्याची तो फोटो काढणारा.

असा माणूस कधीतरी राजीनामा देतोच. निरोप समारंभ झोकात करा. एचआरचा फॉर्म भरून घेताना ‘तुम्ही कंपनी का सोडत आहात?’ या प्रश्नापुढे तो ‘वैयक्तिक कारणामुळे’ असं लिहील. तेच लिहू द्या. खरं कारण लिहिलं, तर ती सूचना धरली जाते, आणि सूचनेसाठी फॉर्म वेगळा आहे.

दोनेक वर्षांनी प्रतिस्पर्धी कंपनी आपला माल निम्म्या वेळात गोदामातून बाहेर काढते अशी कुणकुण तुमच्या कानावर येईल. तेव्हा एक नामांकित सल्लागार नेमा. तो तुमच्या लोकांना भेटून, त्यांचंच म्हणणं टिपून घेऊन, ते तुम्हाला जाड कागदावर छापून देईल. आणि घरच्या माणसाकडून फुकट ऐकायला जड गेलेली गोष्ट बिलासोबत ऐकताना कशी चटकन पटते, याचा अनुभव घ्या. अहवालाच्या शेवटी तो अभ्यासदौरा सुचवेलच. जा. समितीतल्या सगळ्यांना घेऊन जा. त्यांचं गोदाम बघा, तिथे एकदाच भरली जाणारी नोंद बघा, माहिती देणाऱ्या गृहस्थांना हस्तांदोलन करा. ‘यांना कुठेतरी पाहिलंय’ असं वाटलं, तरी तिथे काही बोलू नका. परत आल्यावर दौऱ्याचा अहवाल लिहायचा आहे, आणि त्याचा फॉर्म अजून तयार झालेला नाही.