‘नुसतं वाचायचंय’ म्हणून ऑब्जेक्ट दुसऱ्या थ्रेडवर नेऊ नका

ॲपमधला डेटा साठवण्यासाठी ॲपलची ‘कोअर डेटा’ ही चौकट वापरणाऱ्या आयओएस डेव्हलपरांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो (थ्रेड म्हणजे ॲपमध्ये समांतर चालणारी कामाची एक वाट; मेन थ्रेड स्क्रीन सांभाळतो, बाकीचे बॅकग्राउंड): ‘कोअर डेटाचा ऑब्जेक्ट बॅकग्राउंड थ्रेडवर नुसता वाचायचा असेल तर बिनधास्त पाठवा, जपायचं ते लिहिताना. कंपायलर कुरकुरला तर अनचेक्ड सेंडेबल (‘हे थ्रेड ओलांडायला सुरक्षित आहे, तपासू नकोस’ अशी खूण) लावा. आमचं ॲप कधीच क्रॅश झालेलं नाही.’

कोअर डेटात ‘नुसतं वाचणं’ असं काही नसतंच, सगळी गोम तिथे आहे. बॅकग्राउंडवरून तुम्ही ऑर्डरच्या ग्राहकाचं नाव विचारता. तो ग्राहक बहुतेक वेळा फॉल्ट असतो, म्हणजे अजून न भरलेला. तुम्ही विचारताक्षणी कॉन्टेक्स्ट (ऑब्जेक्ट सांभाळणारा कोअर डेटाचा भाग) एसक्यूलाइट डेटाबेसकडे जातो, डेटा आणतो आणि आपल्या अंतर्गत नोंदी बदलतो. हे घडतं तुमच्या थ्रेडवर. त्याच वेळी मेन थ्रेड त्याच नोंदी वापरून यादी दाखवत असतो. वाचलंत तुम्ही, पण मेमरीत लिहिलं गेलंच. भोवती स्वतःचा लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) लावून भागत नाही, कारण कॉन्टेक्स्टला त्या लॉकचा पत्ताच नसतो.

क्रॅश झालं नाही हे खरंही असेल. अशी रेस (दोन थ्रेडची एकाच मेमरीवरची झटापट) कधी लागते, कधी नाही. एक्सकोडच्या स्कीममध्ये (ॲप चालवण्याच्या सेटिंगमध्ये) कोअर डेटाचा कन्करन्सी डीबग आर्ग्युमेंट 1 करून तेच ॲप चालवा. चुकीच्या थ्रेडवर हात लागला की ते जागीच थांबतं, आणि स्टॅकमध्ये (त्या क्षणी चालू असलेल्या मेथडच्या यादीत) जी मेथड दिसते तिच्या नावात चक्क ‘ऑल दॅट इज लेफ्ट टु अस इज ऑनर’ आहे. ॲपलमध्येही कुणीतरी या चुकीला वैतागलेलं दिसतंय!

अनचेक्ड सेंडेबलने फक्त कंपायलर गप्प बसतो. ऑब्जेक्ट होता तसाच राहतो.

थ्रेड ओलांडून न्यायचा तो ऑब्जेक्टआयडी, म्हणजे ऑब्जेक्टची नुसती ओळख. बॅकग्राउंड कॉन्टेक्स्टच्या परफॉर्म ब्लॉकमध्ये (त्या कॉन्टेक्स्टच्या योग्य थ्रेडवर चालणाऱ्या कोडमध्ये) ‘एक्झिस्टिंगऑब्जेक्ट’ या मेथडला तो द्या, ती ऑब्जेक्ट शोधून देते; मधल्या काळात रेकॉर्ड डिलीट झालं असेल तर सरळ एरर मिळते. ‘हे फार किचकट’ म्हणणारे बहुधा एका ठिकाणी अडखळलेले असतात: नवा ऑब्जेक्ट सेव्ह होण्याआधी त्याचा आयडी तात्पुरता असतो, दुसऱ्या कॉन्टेक्स्टला त्यावरून काही सापडत नाही. आधी सेव्ह करा, मग आयडी पाठवा.

आणि खरोखरच दोनचार फील्ड वाचायची असतील तर आयडीही नको. ऑब्जेक्टच्या स्वतःच्या कॉन्टेक्स्टच्या परफॉर्ममध्ये ती साध्या स्ट्रक्टमध्ये (नुसती मूल्यं धरणाऱ्या रचनेत) उतरवून घ्या आणि स्ट्रक्ट कुठेही न्या. मात्र ती त्या क्षणाची प्रत असते; पुढे रेकॉर्ड बदललं तर ती आपोआप बदलणार नाही.