नायट्रिकला बाजूला सारू नका की ओ

ॲसिडांवरचा तुमचा लेख चांगलाय, पण सल्फ्युरिक तेवढं जहाल आणि बाकीची ॲसिडं साधी असं जे लिहिलंय ते काय पटलं नाही बघा. आमच्या बेळगावात शहापूरच्या सराफ गल्लीत जाऊन विचारा, तिथं नायट्रिकशिवाय काम हलत नाही. कसोटीच्या काळ्या दगडावर दागिना घासायचा आणि त्या रेघेवर नायट्रिकचा थेंब सोडायचा, पितळ असलं तर रेघ फसफसून हिरवट होऊन जातेय, चोख सोन्याची हलत पण नाही. त्याच सोन्याला विरघळवायचं तर ३ भाग हायड्रोक्लोरिक आणि १ भाग नायट्रिक एकत्र लागतंय, त्यालाच अम्लराज म्हणतात, गंमत म्हणजे दोघांपैकी एकट्याच्यानं ते होत नाही. आणि नायट्रिक हाताला लागलं की कातडी पिवळी पडते, कितीपण साबण लावा जात नाही, कातडी सोलून नवी येईपर्यंत तसंच.

सल्फ्युरिकचं खरं भ्या वेगळंय, ते पाणी ओढून घेतंय. साखरेवर ९८ टक्केवालं ओतलं तर काळा कोळसा फुगून वर येतोय. बॅटरीत घालालेत ते पातळ केलेलं असतंय, पण पातळ करताना ॲसिड पाण्यात हळूहळू सोडायचं, उलटं केलं की उकळून अंगावर उडालंच.

आणि एक, लेखात राहिलंय म्हणून सांगालोय, फरशीचं ॲसिड म्हणजे पातळ हायड्रोक्लोरिकच, ते ब्लीचिंग पावडरीत मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतोय आणि बाथरूममध्ये दार लावून असलात तर श्वास कोंडतोय.